खेळातली बडतर्फी



मोबाईलवरच्या खेळात पोरांची खाती बंद होतात, हा काय व्याख्यानाचा विषय? मला तो बडतर्फीचाच विषय वाटतो. लबाडी किंवा शिवीगाळ करणाऱ्याला जरूर काढा. पण शिवी कोणती, हे ठरवते पुष्कळदा यंत्र! 1996 साली अमेरिका ऑनलाइन कंपनीच्या यंत्राने इंग्लंडातल्या स्कन्थॉर्पच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत. गावाच्या नावातच त्याला शिवी दिसली. मग जिंतूरच्या पोराची बोली त्याला काय कळणार?

1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात, नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फाटकाजवळ लावावेत, असे होते. बडतर्फीआधी आरोप लेखी द्यायचा, खुलासा ऐकायचा. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. न समजणाऱ्या भाषेतला हुकूम म्हणजे काय, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेच आहे.

खेळाच्या कंपनीनेही मुलाला मराठीत सांगावे: कोणता शब्द, कोणत्या दिवशी, कोणत्या नियमाखाली. त्याचा खुलासा मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचावा. खात्याबरोबर मुलाने पैसे मोजून घेतलेले सामानही जाते, आणि ते पैसे बहुधा बापाच्या मजुरीतले असतात.