आंब्याची कोय

उत्तम हापूस आंबा खाल्ल्यावर त्याची कोय अंगणांत पुरण्याचा मोह कोणास होत नाहीं? आजोबा कोय पुरतात, घरचा हापूस खावयास मिळेल असें नातवंडांस सांगतात. आणि सहा-आठ वर्षांनीं फळ हातीं येतें, तें मात्र हापुसाचें नसतें! या निराशेचें कारण कोयींतच आहे.

हापुसाच्या कोयींत एकच गर्भ असतो. तो परागाच्या संयोगानें बनतो, आणि हा पराग पुष्कळदां दुसऱ्याच जातीच्या झाडाचा असतो. म्हणून रोप मातेचे गुण जसेच्या तसे घेत नाहीं. याउलट मलबार किनाऱ्यावरील ओलूर, बाप्पकाई, चंद्रकरण या जातींच्या एका कोयींतून अनेक कोंब फुटतात. त्यांपैकीं बहुतेक परागावांचून, मातेच्याच पेशींपासून उपजलेले असल्यामुळें मातेसारखेच निघतात.

कोयीस आयुष्यही अल्पच. धान्याप्रमाणें ती वाळवून ठेवितां येत नाहीं. आंतील ओल गेली कीं गर्भ मरतो. म्हणून फळांतून निघालेली कोय चार-पांच आठवड्यांच्या आंत पेरावी. कठीण कवच अलगद सोडविल्यास कोंब लवकर वर येतो.

मग हापुसाची कोय पुरूंच नये काय? अवश्य पुरावी, पण तेवढ्यावर थांबूं नये. कोंकणांत कोवळ्या तांबूस रोपावरच जातिवंत झाडाची काडी बांधून कोयकलम करितात. तसें केलें म्हणजे मूळ कोयीचें, फळ हापुसाचें. आणि आजोबांनीं नातवंडांस दिलेला शब्दही खरा!