रविवार मिळाला, समुद्र गेला



आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते सभांतून, वाचनालयांतून आणि थोडे दादरच्या चौपाटीवर. म्हणून आज बोनस-महागाईभत्ता बाजूला ठेवून त्या चौपाटीविषयी बोलणार आहोत.

गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी कोणी दयेने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पडली. पण ती घालवायची कोठे? चाळीच्या एका खोलीत आठ-दहा माणसे. परळ-लालबागच्या माणसाला चौपाटी हेच अंगण होते. आमच्या वडिलांनी आम्हाला तेथेच पोहायला शिकवले. पोटाखाली हात धरीत आणि नकळत काढून घेत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, घरात पगार येईना. तेव्हा आळीतले बाप्ये संध्याकाळी त्याच वाळूत येऊन बसत. बसण्याचे पैसे तेथे कोणी मागत नसे.

आज त्या पाण्यात आम्ही नातवंडाला उतरू देत नाही. पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेले नाले भर उन्हाळ्यातही काळे वाहतात, कारण वस्त्यांचे सांडपाणी त्यांतच येते. मिठी नदी आपली घाण माहीमच्या उपसागरात सोडते. भरती ती परत किनाऱ्यावर आणते. पोहण्याच्या समुद्रपाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणू १०० पेक्षा अधिक नसावेत, असा सरकारी दंडक आहे. नाल्याच्या मुखाशी उभे राहिले की निकाल नाकच देते! आणि जवळच चैत्यभूमी आहे. ज्या महापुरुषाने १९२७ साली महाडला पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला, त्यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी याच किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या पाण्याची ही दशा!

कोणी म्हणतील, तरणतलाव आहेत की. आहेत, पण तेथे फी आहे. ज्याला ती परवडत नाही त्याचे पोर पोहायला शिकत नाही, आणि पावसाळ्यात तेच पोर उधाणात उतरते.

वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह आणि रहिवाशांनी आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूत कासवांची पिल्ले दिसली. हे काम मोठे आहे. परंतु झाडूने वाळू साफ होते, पाणी होत नाही. पाण्यासाठी प्रत्येक वस्तीला मलवाहिनी हवी, नाल्यात येणारे सांडपाणी शुद्ध झाल्यावाचून समुद्रात जाता कामा नये, आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे किनाऱ्यावर फलकावर लागले पाहिजेत.

येथे आमचीही चूक कबूल केली पाहिजे. इतक्या वर्षांत आम्ही शेकडो मागणीपत्रे लिहिली. त्यांत समुद्र एकदाही आला नाही. तो आपलाच आहे असे धरून चाललो.

रविवार मागून मिळाला होता. समुद्रही मागावा लागेल. येत्या रविवारी भरतीच्या वेळी आम्ही त्या नाल्यापाशी उभे राहणार आहोत. आपण यावे, मुलांना घेऊन यावे.