पेशीतील मूळ दप्तर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या बैठकींत ‘आमच्या रक्तातच आहे’ हे शब्द वरचेवर कानी येतात. शास्त्राचे म्हणणे किंचित निराळे आहे. वारसा चालतो तो न्यूक्लिइक आम्लांतून.

हे द्रव्य प्रथम हाती आले ते पुवातून! १८६९ साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस संशोधकाने जखमांच्या पट्ट्या धुऊन, पुवातील पेशींच्या केंद्रकांतून ते वेगळे केले. त्याची दुपदरी, पिळदार रचना मात्र १९५३ साली उलगडली. वॉटसन व क्रिक यांच्या त्या यशात रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीच्या क्ष-किरण चित्रांचा वाटा मोठा होता, हे सांगावयाचे पुष्कळदा राहून जाते.

डीएनए हे चार अक्षरांत लिहिलेले दप्तर होय. ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन. म्हणून पेशी दुभंगण्यापूर्वी एका पदरावरून दुसरा उतरून घेता येतो. मूळ दप्तर केंद्रकाबाहेर जात नाही. बाहेर जाते ती नक्कल, म्हणजे आरएनए. तिच्यातील तीन-तीन अक्षरे वाचून एकेक अमिनो आम्ल जोडले जाते आणि प्रथिन सिद्ध होते. ही सांकेतिक भाषा उलगडल्याबद्दल १९६८ साली हरगोविंद खुराना यांस आणखी दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एकच अक्षर चुकले तर? हिमोग्लोबिनाच्या लेखात एका जागी ॲडेनिनऐवजी थायमिन आले, की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. विदर्भात परिचित असलेला सिकलसेल तो हाच. सदोष लेख एकाच पालकाकडून आला तर मनुष्य सहसा निरोगी राहतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक.

एका मातेने आम्हांस विचारले होते, “पत्रिका तर उत्तम जुळली होती, मग हे कोठून आले?” आपल्या वधूवर सूचीत गोत्र आणि नाडी यांचे रकाने आहेत, रक्ततपासणीचा नाही. तो घालावा असे आम्ही सुचविले, तेव्हा मुलींवर शिक्का बसेल अशी शंका काही वडीलधाऱ्यांनी काढली. ती शंका खोटी नव्हे. म्हणूनच ‘तपासणी झाली आहे’ एवढेच सूचीत यावे, आणि निष्कर्षाचा कागद दोन्ही घरांनी एकमेकांस खाजगीत दाखवावा, अशी आमची दुरुस्ती आहे. ती आज कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत.