ट्रॉम्बेच्या भट्टीतली ज्योत

बॉयलरच्या भिंतीला एक लहानशी झडप असते. डोळ्यांपुढे निळी काच धरून तिच्यातून आत पाहायचे. कोळसा जळत असेल तर नारिंगी, दाट ज्वाळा दिसतात. तेल असेल तर डोळे दिपवणारा पिवळा झोत. आणि वायू असेल तर ज्योत निळसर आणि इतकी विरळ, की पलीकडच्या नळ्याही दिसाव्यात. ट्रॉम्बेच्या औष्णिक वीजकेंद्राने या तिन्ही ज्योती पाहिल्या आहेत. त्यांतच त्याचा इतिहास आहे.

मुंबईची वीज आधी पाण्याची होती. 1915 साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तलावांतले पाणी गिरण्या चालवू लागले. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली. पण या साऱ्यांची भिस्त पावसावर. शहर वाढत गेले, पाऊस मात्र तेवढाच राहिला. म्हणून जागतिक बँकेचे कर्ज मिळवून टाटांनी ट्रॉम्बेला खाडीकाठी औष्णिक केंद्र उभारले आणि 1956 मध्ये ते सुरू झाले. जागा विचारपूर्वक निवडली होती. वाफ पुन्हा पाणी व्हायला थंडावा लागतो, तो खाडीने दिला. शेजारी माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आले, त्यामुळे जळाऊ तेल दाराशीच मिळू लागले.

1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, मुंबई हाय इथे, तेल सापडले आणि त्याच समुद्रातला वायूही पुढे भट्टीत आला. 1984 साली इथे देशातला पहिला 500 मेगावॅटचा संच चालू झाला. त्याचे खरे मोठेपण आकड्यापेक्षा वेगळे होते. कोळसा, तेल, वायू यांपैकी जे मिळेल त्यावर तो चालू शकत असे. तेल महागले किंवा वायू कमी पडला, तरी दिवे विझू द्यायचे नाहीत, हा त्यामागचा विचार.

पण श्रोतेहो, चिमणीच्या पायथ्याशी चेंबूर आणि माहुलची वस्ती आहे. वाळत घातलेल्या कपड्यांची काळजी तिथल्या बायकांना होती, मुलांच्या खोकल्याची तर त्याहून अधिक. म्हणूनच कमी गंधकाचा कोळसा परदेशातून मागवावा लागला, तो बार्जने जेट्टीवर उतरू लागला आणि समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणाही बसली. हे उपकार नव्हते, ते देणे होते.

केंद्राचे सुरुवातीचे संच आता थांबले आहेत. टर्बाइनला मात्र इंधनाचे नाव कधीच ठाऊक नव्हते, त्याला फक्त वाफ कळे. इंधन कोणते, हे माणसांनीच ठरवायचे असते. त्या झडपेतून आजवर तीन रंग दिसले. चौथा निवडताना शेजारच्या श्वासाचा विचार आधी व्हावा, एवढेच मला मनापासून सांगायचे आहे.