ओढ्याकाठी सापडलेले माझे नाव

(रेडिओवरील भाषण)

पुण्याजवळ माझा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, हळद, तिखट असा आमचा माल. पण आज मी मसाल्याबद्दल बोलणार नाही. तो ज्या पाकिटातून तुमच्या घरी येतो, त्या पाकिटाबद्दल बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमचा एक कामगार सकाळी आल्या आल्या मोबाइलवरचा फोटो दाखवू लागला. वस्तीमागच्या ओढ्याकाठी अर्धवट जळलेला ढीग होता आणि त्यात आमच्या पाकिटांच्या फिल्मचा रोल उलगडून पडला होता. हातभर अंतरात चार-चार वेळा आमचे नाव. परवान्यावरचा पत्ता बदलला म्हणून बाद झालेला तो रोल मी एका ठेकेदाराला दिला होता. माल रिसायकलिंगला जाईल असे त्याने सांगितले, पावतीही दिली. मी ती फाइलला लावली आणि विसरून गेले. त्या दिवशी टेम्पो नेऊन आम्ही तो ढीग उचलून आणला. आणल्यावर त्याचे करायचे काय, हे मात्र मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे प्लास्टिक विकत घेत होते आणि त्याच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हते, याची त्या दिवशी फार लाज वाटली.

मग भोसरीकडे प्लास्टिकचा दाणा बनवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. सोबत कारखान्यातल्या कचऱ्याची तीन पोती. त्यांनी पहिल्याच पोत्यात हात घातला, मूठभर माल वर काढला आणि म्हणाले, "ताई, हे सगळं वेगवेगळं ठेवलं असतंत तर मीच तुम्हाला पैसे दिले असते. आता हे फुकट दिलंत तरी नको."

त्यांनी आमचे पाकीट फाडून दाखवले. दिसायला एक कागद, पण आत थर वेगवेगळे. बाहेर पॉलिस्टर, कारण त्यावर छपाई छान उठते. मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, हवा आणि उजेड अडवायला. आत पॉलिथिन, कारण उष्णतेने तेच चिकटते आणि पाकीट बंद होते. मसाल्याचा सुवास सहा महिने टिकतो तो या तिघांच्या जोरावर. पण ते एकमेकांपासून सुटत नाहीत. पॉलिथिन साधारण ११० अंशांना वितळते, पॉलिस्टरला २५०च्या आसपास लागतात. एकाच्या उष्णतेवर दुसरे कच्चे राहते, दुसऱ्याच्या उष्णतेवर पहिले करपते. पुरण वाटताना न शिजलेली डाळ जशी यंत्राच्या जाळीत अडकते, तसे हे त्यांच्या मशीनच्या जाळीत अडकते. शिवाय आमच्या मालाला तिखटाचा वास. धुऊनही तो पुरता जात नाही, दाण्याला लागतो, आणि मग त्या दाण्याची कचऱ्याची काळी पिशवीच होऊ शकते, दुसरे काही नाही.

त्या तासाभरात मला एक गोष्ट कळली. प्लास्टिकची किंमत त्याच्या एकजातपणात आहे. आणि ते एकजात असते फक्त माझ्या दारात, मिठाचे पोते उघडले त्या क्षणी, खोक्यांवरची ताणून गुंडाळलेली फिल्म कापली त्या क्षणी. पुढे ते मिसळले की कितीही हात लावा, ते तसे परत होत नाही.

आमच्या गल्लीत कचरा गोळा करायला एक मावशी येतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३पासून उभी आहे. या बायकांकडे जे ज्ञान आहे ते आम्हा कारखानदारांकडे नाही, हे मी अनुभवाने सांगते. मावशींना अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन मी आमच्या कामगारांना शिकवायला बोलावले. त्यांनी एक पिशवी मुठीत चुरगळली. "ही मऊ, आवाज करत नाही, ही एलडी. ही करकरते, ही एचडी. आणि हे चंदेरी, हे आम्ही उचलतच नाही, याला कोण घेणार?" रोज हजारो पाकिटे मी बाजारात पाठवते, आणि ती रस्त्यावर पडली तर उचलायला कुणी वाकणारसुद्धा नाही. हे ऐकताना मला मान वर करवेना.

कायद्याचेही दोन शब्द. महाराष्ट्रात मार्च २०१८मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभर १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी आली. हे सगळे आपल्याला माहीत आहे, कारण ते आपल्या हातातल्या पिशवीबद्दल होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या नियमांची चर्चा कमी झाली. पाकिटावर ज्याचे नाव, त्या पाकिटाच्या शेवटाची जबाबदारी त्याची, असे ते नियम सांगतात. तेवढ्या वजनाचे प्लास्टिक पुन्हा वापरात आल्याची प्रमाणपत्रे कंपन्यांनी मिळवायची. माझ्यासारख्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना यातून सूट आहे. पण ओढ्याकाठच्या त्या रोलला अशी सूट असल्याचे कळत नव्हते. आणि निव्वळ कागदावर विसंबणाऱ्यांनी हेही ऐकावे: २०२३मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली. माल हललाच नव्हता, कागद हलले होते. म्हणून मी आता जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाला किलोभर माल देत नाही.

आमच्याकडे काय बदलले? सर्वांत मोठा बदल कचऱ्याच्या डब्याजवळ झालाच नाही, तो खरेदीत झाला. छापील फिल्म कमी घेता येत नाही. प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर असतो, छापणारा थोडक्यासाठी मशीन लावत नाही. म्हणून आम्ही लहान उद्योजक वर्षाचे रोल भरून ठेवतो, आणि पत्ता, किंमत, परवाना काहीही बदलले की शेकडो किलो बाद. आता फिल्मवर फक्त नाव आणि चित्र छापतो. बदलणारा मजकूर कागदी लेबलवर, तारीख आणि किंमत मशीनवरच उमटते. खडा मसाला, धणे, जिरे यांना चंदेरी थराची गरज नाही. ती पाकिटे आम्ही एकाच जातीच्या प्लास्टिकची केली. पाकीट थोडे महाग पडले, चकाकी गेली, एका दुकानदाराने माल परतही पाठवला. कचरा वेगवेगळा ठेवायला स्टोअरमध्ये चार खुंट्या ठोकून चार पोती टांगली आहेत, आणि भरलेले पोते मसाल्याच्या खोलीत न्यायचे नाही, एवढा एकच नियम आहे. स्वच्छ एलडीचे, म्हणजे त्या मऊ पॉलिथिनचे, मला पैसे मिळतात. चंदेरी कतरण सिमेंटच्या भट्टीत जाळायला जाते. त्याला मी पुनर्वापर म्हणणार नाही, ते जाळणेच आहे; फक्त ओढ्याकाठी जाळण्यापेक्षा बरे.

गोडा मसाला अजून अडलाय. त्यातले दगडफूल, तीळ, खोबरे साध्या पाकिटात राहत नाहीत, तेल सुटते, वास उडतो. फिल्म बनवणाऱ्याने एकजात प्लास्टिकचा, पण हवा अडवणारा नमुना दिला आहे. त्यात मसाला भरून पन्नास पाकिटे ज्येष्ठात फळीवर ठेवली आहेत, शेजारी जुन्या पाकिटातली पन्नास. पाऊस सरला, की दसऱ्यानंतर दोन्हीकडची एकेक फोडायची आणि आमच्या कांडपावरच्या बायकांना डोळे मिटून वास घ्यायला सांगायचे.