पेल्याच्या आकाराची कवके : ओळख आणि वर्गीकरण
(शिक्षक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पावसाळ्यात आवारातील कुजक्या ओंडक्याकडे मुलांचे लक्ष आपल्या आधी जाते. त्यावर उगवलेले इवलेसे रंगीत पेले आणून ती विचारतात, "गुरुजी, हे काय?" "कुत्र्याची छत्री," असे म्हणून आपण मोकळे होतो. शिक्षक असताना मीही तेच करीत असे. एकदा एका मुलाने दोन पेले आणले. एक आतून गुळगुळीत व गुलाबी होता. दुसरा तपकिरी, आणि त्यात मोहरीहून थोडे मोठे चपटे दाणे होते. "दोन्ही एकच," असे मी सांगितले व मुलाने ते वहीत लिहून घेतले. माझे उत्तर चूक होते. ते दुरुस्त करण्यापूर्वी तो मुलगा शाळा सोडून गेला. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पेला म्हणजे संपूर्ण कवक नव्हे; ते त्याचे फळ होय. कवकाचे खरे शरीर लाकडात अथवा मातीत पसरलेल्या सूक्ष्म तंतूंचे असते. गुलाबी पेल्याच्या आतील अस्तरात असंख्य लांबट पिशव्या उभ्या असतात. तिला धानी म्हणतात. एका धानीत बहुधा ८ बीजुके असतात. पक्व पेल्यावर हळूच फुंकर घातली असता पुष्कळ धान्या एकाच वेळी फुटतात आणि बीजुकांचा धूर उठलेला दिसतो. ही धानी-कवके होत.

दाण्यांचा पेला मात्र निराळ्या कुळातला. त्याचे नाव सायाथस. त्याची बीजुके धानीत नव्हे, तर गदेसारख्या पेशींच्या टोकांवर तयार होतात आणि त्या दाण्यांत साठतात. पावसाचा थेंब पेल्यात पडला की दाणे बाहेर उडतात. पंख आहेत म्हणून वटवाघळाला आपण पक्षी म्हणत नाही. तद्वत् आकार पेल्याचा आहे, एवढ्यावरून नाते ठरत नाही.

शास्त्रज्ञांनाही हे हळूहळूच उमगले. पूर्वी आकार व रंग पाहून वर्गीकरण होत असे. १८८५ मध्ये फ्रेंच अभ्यासक एमिल बूदिये यांनी धानी कशी उघडते, याला महत्त्व दिले. काहींच्या धानीला डबीसारखे झाकण असते, काहींच्या नसते. अलीकडे आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीमुळे पेझायझा या एका प्रजातीत ठेवलेल्या अनेक जाती निरनिराळ्या प्रजातींत विभागल्या गेल्या आहेत.

आपल्या शाळेत एक साधे भिंग असले तरी पुढील प्रश्न विचारता येतील. पेला लाकडावर आहे, मातीवर की शेणावर? त्याला देठ आहे काय? कडेला वा बाहेरून केस आहेत काय? आतून गुळगुळीत आहे की दाणे आहेत? सह्याद्रीच्या जंगलात पडलेल्या फांद्यांवर देठाचा, गुलाबी-नारिंगी पेला आढळल्यास तो बहुधा कुकेइना होय. ब्रिटिश कवकशास्त्रज्ञ कुक यांच्यावरून हे नाव पडले. त्यातील ट्रायकोलोमा जातीच्या बाहेरील अंगावर लांब केस असतात. ओल्या लाकडावर वा मातीवर बिनदेठाची, चपटी तांबडी चकती असून कडेला पापण्यांसारखे काळसर केस असतील, तर ती स्कुटेलिनिया समजावी. तिच्या जातींमधील भेद मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बीजुके पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. कोणतेही कवक मुलांना चाखू देऊ नये, फुंकर घालताना तोंड फार जवळ नेऊ देऊ नये व हाताळल्यावर हात धुवावयास लावावेत. पेल्याच्या जवळच्या नात्यातील काही कवके प्राणघातक विषारी आहेत. दुसरी गोष्ट, नमुन्याच्या चिठ्ठीवर दिनांक, ठिकाण व कशावर उगवले हे लिहावे. आणि जितके निश्चित कळले तितकेच नाव लिहावे. "कुकेइना, जाती अनिश्चित" असे लिहिण्यात कमीपणा नाही.

"मला ठाऊक नाही, आपण दोघे मिळून पाहू," एवढे वाक्य मी त्या दिवशी उच्चारले असते, तर त्या मुलाच्या वहीत चूक उतरली नसती. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही उणीव राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.