गर्भावस्थेतील व्यायाम : घराची साथ हवी



घरात गोड बातमी कळते आणि सुनेभोवती सूचनांचे कुंपण उभे राहते. जिना चढू नको, बाहेर जाऊ नको, वाकू नको! या सूचनांमागील माया निःसंशय आहे. परंतु याच मायेतून नऊ महिन्यांची बैठक सुरू होते आणि ती आई व बाळ दोघांनाही हितकर ठरत नाही.

पूर्वी दळण, पाणी, सारवण यांतून शरीराला आपोआप चलन मिळे. त्या कष्टांचे गुणगान करण्याचे कारण नाही. त्यात विश्रांतीची आबाळही होती. आजही सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात तोडणीस आलेल्या गर्भवती भगिनी डोक्यावर मोळ्या वाहतात. तो व्यायाम नव्हे, नाइलाजाची मजुरी होय. त्यांना विश्रांती हवी, तर शहरातील बैठ्या भगिनींना हालचाल हवी.

वैद्यकशास्त्राचे मतही काळानुसार बदलले. १९८५ मध्ये अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गर्भवतीच्या नाडीचे ठोके मिनिटाला १४० पेक्षा वाढू नयेत, अशी मर्यादा घातली होती. १९९४ मध्ये ती काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, वैद्यकीय अडचण नसल्यास, गर्भवतीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे सांगितले. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग पुरे. यामुळे गर्भावस्थेतील मधुमेह व रक्तदाबाचा धोका आणि अतिरिक्त वजनवाढ कमी होते. प्रसूतीनंतरचे नैराश्यही घटते.

मग अडते कोठे? सुरुवातीस मळमळ व थकवा, पुढे कंबरदुखी, आणि सदैव भीती. नोकरी व घरकाम सांभाळून वेळ उरत नाही. साताऱ्याचे चढ-उतार, सांगलीचा उन्हाळा, खड्ड्यांचे रस्ते आणि मोकाट कुत्री यांचीही धास्ती असते. त्याहून मोठी अडचण म्हणजे, "सोबत कोण येणार?"

या प्रत्येक अडचणीला उपाय आहे. सवय नसल्यास दहा मिनिटांपासून आरंभ करावा. सपाट रस्ता व सकाळ-सायंकाळची वेळ निवडावी. पावसाळ्यात घरातच फेऱ्या घालाव्यात. सूर्यास्तापूर्वी जेवण करणाऱ्या घरांत त्यानंतरची संथ शतपावली सहज जमते. उपवासाच्या दिवशी मात्र व्यायाम टाळावा, आणि गर्भावस्थेत उपवास करावा की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पहिल्या तीन महिन्यांनंतर उताणे झोपून करावयाची आसने, तसेच तोल जाण्याची भीती असलेले प्रकार वर्ज्य समजावेत.

वार खाली असणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असल्यास डॉक्टरांच्या परवानगीवाचून काहीही करू नये. रक्तस्राव, पाणी जाणे, चक्कर, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, पोटरीत सूज व वेदना, वारंवार कळा यांपैकी एकही लक्षण दिसताच थांबून रुग्णालय गाठावे.

डोहाळजेवणात ओटी भरली जाते, कौतुक होते. त्याच दिवशी सासूबाईंनी, पतीने किंवा नणंदेने रोज अर्धा तास सोबत चालण्याचा शब्द दिला, तर त्या ओटीत आरोग्याचेही दान पडेल. गर्भवतीला जपणे म्हणजे तिला बसवून ठेवणे नव्हे. तिच्या पावलाला आपल्या पावलाची साथ देणे होय.